मऊ पाणी

माणसाचा सगळा इतिहास मिठाने घडवला आहे. मिठासाठी राजांनी नाकी बसवली, तांडे वाळवंटं तुडवत गेले, आणि एक अख्खा देश समुद्रापर्यंत चालत जाऊन मूठभर मीठ उचलून आला तेव्हा साम्राज्य हललं. त्या थोर परंपरेतलं मीठ आता टेम्पोत बसून बंगळुरातल्या बेळ्ळंदूरच्या मागच्या अंगाला, एग्रेट एन्क्लेव्ह नावाच्या वसाहतीत येतं, आणि तिथल्या लोकांचे केस गळू नयेत म्हणून वापरलं जातं.

एग्रेट म्हणजे बगळा. फाटकावर एक पाय वर घेतलेला पितळेचा बगळा आहे. शेजारच्या तळ्यावर खरे बगळे यायचे, ते अलीकडे कमी झाले. पितळेचा रोज पुसला जातो.

वसाहतीच्या बोअरचं पाणी जड. नळांना पांढरी खपली धरते, गिझर बंद पडतात, साबणाला फेस येत नाही. म्हणून तळघरात माणसाहून उंच निळ्या टाक्या आहेत. त्यांत बारीक मणी असतात. ते पाण्यातला जडपणा ओढून घेतात, बदल्यात मिठाचा अंश सोडतात, आणि पाणी मऊ होऊन वरच्या मजल्यांवर जातं. मणी दमले की त्यांना मिठाच्या कडक पाण्याने धुवावं लागतं. हे काम शिवकुमारचं. पोतं फोडायचं, मीठ पिंपात ओतायचं, दांडक्याने ढवळायचं, चावी फिरवायची. मणी धुतलेलं पाणी कुठे जातं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यानेही विचारलं नव्हतं. विचारणाऱ्याला तळघरात ठेवत नाहीत.

संध्याकाळी घरी येताना तो रिकामी पोती आणायचा. विणलेल्या प्लास्टिकची, निळ्या अक्षरांची, मजबूत. त्याची आई तानूबाई ती उसवून बसकरं शिवायची. बाप बसवंत त्यांनी भाजीच्या जुड्या झाकायचा. पत्र्याच्या घराला जिकडून उतरतं ऊन लागायचं तिकडे आडोशालाही तीच पोती होती. वसाहतीत उपयोगी न पडलेली वस्तू या घरात अशी तीन कामं करत होती.

बसवंत बेळगावाकडच्या चिकोडीचा. बंगळुरात आला तेव्हा शिवकुमार पाळण्यात होता. आधी बांधकामावर खपला, मग तळ्याकाठचा गुरुराजचा तुकडा वाट्याने करू लागला. अर्धी भाजी गुरुराजची, अर्धी याची. पाठीतली उसण मात्र सगळी याची. पालक, शेपू, राजगिरा आणि मुख्य म्हणजे कोथिंबीर. त्याची कोथिंबीर इंदिरानगरच्या हॉटेलांत जायची. तिथे ती कसल्याशा पांढऱ्या पदार्थावर एक पान अशी ठेवतात असं कळल्यापासून बसवंतला त्या लोकांची काळजी वाटायची.

यंदा संक्रांतीनंतर कोथिंबिरीच्या पानांची टोकं करपू लागली. आधी पिवळी, मग तपकिरी, मग बोटाने चुरगळावीत अशी. बसवंत वाफ्यात उकिडवा बसला, पान उलटंसुलटं करून बघितलं आणि उठला.

"तहान लागलीया," तो म्हणाला.

करपलेलं टोक म्हणजे तहान, हे त्याला बापाने शिकवलं होतं. चिकोडीत ते खरंही होतं. त्याने पंपाचा पाईप तळ्यात आणखी आत सरकवला आणि एकदाच्या जागी दोनदा पाणी पाजायला लागला. कोथिंबीर आणखी करपली. मग तो तिन्हीसांजेचंही पाणी देऊ लागला. वाळल्यावर ढेकळांवर पांढरं पीठ भुरभुरल्यासारखं दिसायचं. त्याला वाटलं, नव्या खताचं असेल.

पाणी पाजताना अनवाणी पाय चिखलात असायचे. टाचांच्या भेगांत पाणी शिरलं की डोळ्यांतून पाणी यायचं. पूर्वी असं झोंबत नव्हतं. त्याने ते वयाच्या खात्यावर टाकलं. रात्री तानूबाई भेगांत मेण आणि तेल भरायची, सकाळी ते धुऊन जायचं.

"तळ्यात बेडकं न्हाईत औंदा," ती एकदा टाच चोळता चोळता म्हणाली.

"उनाळा हाय."

"उनाळ्यात बी वरडायची. आनी गोगलगाई बी मेल्या. कडंला नुसते शंख पडल्यात, पांढरेफट."

"बरं झालं की. रोपं खात्यात त्या."

"पानी बगितलंसा कसं झालंय? हिरवा रंग कालवल्यागत."

"हिरवं हाय न्हवं? मग चांगलंच की."

तानूबाईने टाच जरा जोरात दाबली. चर्चा तिथे संपली.

पालक मात्र उत्तम आला होता. रुंद, जाड, काळपट हिरवा. त्यामुळे पाण्यावर कोणाचा संशय गेला नाही. पाणी वाईट असतं तर पालक का आला असता? बसवंतने बियाण्याच्या दुकानदाराला शिव्या दिल्या, आणि दुकानदाराने हवेला.

मग गुरुराज आला. मोटारसायकल बांधावर लावून तो वाफ्यांतून हिंडला, कोथिंबिरीचं पान तोंडात टाकलं आणि बसवंतच्या पायाशी थुंकला. मुद्दाम नव्हे, तिथेच जागा होती.

"बसवंत," तो कन्नडमध्ये म्हणाला, "एग्रेटवाले पाहुण्यांच्या गाड्या लावायला जागा मागतायत. गाडीला पाणी लागत नाही, खत लागत नाही आणि तिची टोकं करपत नाहीत. युगादीपर्यंत, म्हणजे तुमच्या पाडव्यापर्यंत, चांगलं पीक दाखव. नाहीतर मी खडी टाकतो."

"दाखिवतो, अण्णा."

"माझं काही म्हणणं नाही. मला पण कोथिंबीर आवडते."

बसवंतने नवं बी घेतलं. धने गोणपाटावर पसरून चपलेच्या तळाने रगडायचे, एकेका दाण्याच्या दोन फाका करायच्या, भिजवायचे, राखेत घोळायचे. तो आणि तानूबाई समोरासमोर बसून दिवसभर रगडत होते. कमरा धरल्या. पेरलं, झाकलं, पाणी दिलं. उगवलं ते टक्कल पडणाऱ्या माणसाच्या डोक्यासारखं, कडेकडेने.

तानूबाईने कारण शोधून काढलं. दृष्ट. फाटकावरच्या बायका जाता-येता मळ्याचे फोटो काढतात, "किती फ्रेश" म्हणतात. इतकी कौतुकं कुठल्या पिकाला सोसतील? माणसाची दृष्ट काढायला चिमूटभर मीठ पुरतं, पण हा अख्खा मळा होता. शिवकुमारने आणलेल्या एका पोत्यात तळाशी बरंच मीठ उरलं होतं. तिने वाफ्या-वाफ्याला मूठ मूठ मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, तीनदा थुंकल्यासारखं केलं, आणि दृष्टीचं मीठ वाहत्या पाण्यात टाकायचं असतं म्हणून जिथे पाणी हलत होतं तिथे टाकलं. ते पंपाच्या तोंडाशी हलत होतं.

एका रविवारी ती उरलीसुरली भाजी घेऊन एग्रेटच्या फाटकावर बसली. खाली मिठाच्या पोत्याचं बसकर, पुढे बादलीत तळ्याचं पाणी, त्यात जुड्या. सोसायटीच्या सेक्रेटरी वसुमती आल्या. चामराजपेटच्या जुन्या मराठी घरातल्या, लेकाने इथे फ्लॅट घेतला म्हणून आलेल्या. आवाज गोड, आणि त्या आवाजात त्या काहीही बोलू शकत.

"तानूअक्का, तुझा पालक स्वल्प खारट लागतो ग. मी मीठ घातलंच नाही, तरी आमचे हे म्हणाले, बी.पी.च्या माणसाला मारायचं आहे का."

"बाई, पालक हाय त्यो. त्यात मीठ कुटनं येनार?"

मागे अनुषा उभी होती. पुण्याची, चौथ्या मजल्यावर राहणारी, कंप्युटरवरची नोकरी. टँकरच्या पाण्यावर विश्वास नसल्यामुळे इथले लोक पाण्यातले क्षार मोजायची पेनासारखी कांडी जवळ बाळगतात. तिने ती पर्समधून काढून बादलीत बुडवली, आकडा बघितला, कांडी झटकली, पुन्हा बुडवली.

"मावशी, हे कुठलं पाणी आहे? तळ्याचं? सीरियसली? हा लोणच्याचा खार आहे."

तानूबाईचं तोंड उतरलं. "म्या मळ्याची दिष्ट काढली हुती. मीठ पान्यात टाकलं. त्येच असंल का?"

"तुमच्या मुठीने नाही होणार एवढं," अनुषा म्हणाली, आणि हसली नाही. त्यामुळे ती तानूबाईला आवडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ऑफिसला जायच्या आधी मळ्यावर आली. बूट पांढरे होते. बसवंत तिला काठाकाठाने घेऊन निघाला. ती जागोजाग कांडी बुडवत होती आणि बोलत होती. पाण्यात डोळ्यांना धड न दिसणारे जीव असतात, ते हिरवळ खाऊन पाणी निवळ ठेवतात. मीठ वाढलं की आधी ते मरतात. मग हिरवळ माजते. बेडकांची पिल्लं टिकत नाहीत, शंखांतल्या गोगलगाई जातात, आणि त्यांना खाणारे बगळे दुसरीकडे बघतात.

"मंग पाऊस पडला की बरं व्हईल?"

"थोडं पातळ होईल. पण काका, उन्हाने पाणी उडून जातं, मीठ नाही जात. ते साठत राहतं. पालकाला ते चालतं, कोथिंबिरीला नाही."

"मंग ते जातंय कवा?"

"कांडी इथे जास्त दाखवतेय," अनुषा म्हणाली.

तळ्यात येऊन मिळणाऱ्या नाल्याच्या कडेने ते वर वर गेले. दोन्ही बाजूंची लव्हाळी वाळून भुऱ्या झाडूसारखी झाली होती. नाला एग्रेटच्या मागच्या भिंतीशी पोचला. भिंतीच्या बुडातून एक जाड पाईप बाहेर डोकावत होता. त्याखालचा दगड पांढरा पडला होता. पाईपातून थेंबथेंब येत होतं. बघता बघता घरघर झाली आणि पाण्याचा लोट बाहेर पडला, बसवंतच्या पायांवरून गेला. टाचेतून कळ डोक्यात गेली. त्याने बोट बुडवून चाटलं.

भिंतीवर तळघराची एक जाळी होती. जाळीआड कोणीतरी कन्नड गाण्यावर शीळ घालत होतं. शीळ ओळखीची होती. पोर शीळ घालायला शिकल्यापासून बसवंत ती चाल ऐकत होता, आणि ती कधीच सुरात नव्हती.

"शिवा?"

शीळ थांबली. "आप्पा? तुमी हितं काय कराय लागलाय?"

"पानी पाजाय लागलोय," बसवंत म्हणाला. "तू काय कराय लागलाईस?"

"मनी धुतोय."

बसवंतने पाय बाजूला घेतले. पाणी मात्र येत राहिलं. अनुषाने कांडी बुडवली आणि आकडा न वाचताच खिशात ठेवली.

त्या रात्री ताटं वाढली गेली आणि तशीच राहिली.

"ठावं हुतं तुला?" बसवंतने विचारलं.

"भाईर जातंय एवडं ठावं. भाईर म्हंजे आपल्याकडंच, हे डोस्क्यात आलं न्हाई. भाईर लय मोठं असतंय."

"उद्या मीठ घालू नगंस."

"आन् नळाला खपली धरली की?"

"धरू दे. नळाला खपली धरली तर मानूस मरत न्हाई."

"तुमास्नी ठावं न्हाई, आप्पा. लिफ्टमदी बाया काय बोलत्यात मी ऐकतोय. केसाचं लय असतंय त्येंचं." त्याने भाकरीचा तुकडा मोडला, परत ठेवला. "नोकरी जाईल माजी."

"मळा जाईल माजा."

तानूबाईने दोघांकडे बघितलं. एकाचं जगवायचं तर दुसऱ्याचं मारायचं, असा हिशेब तिच्या चुलीपुढे पहिल्यांदाच मांडला जात होता, आणि तिला कोणाच्याही बाजूने बोलता येत नव्हतं. ती म्हणाली, "कालवण निवतंय."

शिवकुमारने दुसऱ्या दिवशी मीठ घातलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पोती फोडायचा नाही, नुसती चावी फिरवायचा, म्हणजे आवाज बरोबर यायचा. बसवंत सकाळी पाईपाशी जाऊन बोट चाटायचा. पाणी गोडं होतं. तो धावत मळ्यात यायचा आणि वाफ्यांकडे बघायचा. वाफ्यांना बातमी कळलेली नव्हती. तळ्यात जे साठलं होतं ते साठलंच होतं, आणि पंप त्यातलंच ओढत होता. पाऊस महिनाभर तरी दूर, युगादी दाराशी.

एग्रेटमध्ये मात्र लगेच कळलं. वसाहतीच्या ग्रुपवर आधी नळाचे फोटो आले, मग बादलीचे, मग कंगव्यांचे. कंगव्यांच्या फोटोंनंतर वातावरण फार बिघडलं. कोणीतरी लिहिलं की आपण शेवटी माणसं आहोत. समिती तळघरात उतरली तेव्हा न फोडलेली पोती भिंतीशी शहाण्यासारखी बसली होती.

वसुमती रागावल्या नाहीत. "शिवकुमार, तुझ्यावर राग नाही हो. बापासाठी केलंस, कळतं आम्हाला. पण विश्वास स्वल्प कमी झाला बघ. उद्यापासून येऊ नकोस. सरी? ठीक ना?"

"सरी, अक्का," शिवकुमार म्हणाला. सवयीने त्याने निघताना दिवा मालवला.

अनुषा भांडली. तिने ग्रुपवर तळ्याबद्दल इतकं लांब लिहिलं की त्याला अंगठे फार आले आणि उत्तर एकही आलं नाही. शेवटी रविवारी सकाळी क्लबहाऊसमध्ये सभा ठेवण्यात आली. खिडकीतून तळं दिसायचं. फ्लॅट विकताना तेच दाखवलेलं असल्यामुळे खिडकी मोठी होती. बसवंतला खास बोलावलं होतं. तो धुतलेला सदरा घालून पहिल्या ओळीत बसला आणि भेगाळलेली पावलं खुर्चीखाली ओढून घेतली. तानूबाई दाराशी उभी राहिली. गुरुराज मागे भिंतीला टेकून होता.

अनुषाने कांडी दाखवली, आकडे वाचले, मेलेल्या शंखांची परडी फिरवली. बायकांनी शंख हातात घेतले. "किती सुंदर," एकजण म्हणाली.

"बसवंतअण्णा, तुम्ही बोला," वसुमती म्हणाल्या.

बसवंत उभा राहिला. "म्या काय बोलू. पानी खारं झालंय. पानं करपत्यात. मला वाटलं तहान लागलीया, म्हनून म्याच जास्त पाजलं. त्ये तुमच्याकडनं येतंय. माजाच ल्योक सोडत हुता. युगादीला मळा जातोय माजा. तेवडं थांबवा, एवडंच."

टाळ्या झाल्या. बऱ्याच वेळ झाल्या. बसवंतला कधी थांबून खाली बसावं ते कळेना.

मग मोहनकुमार उठले. निवृत्त इंजिनियर, आणि माणूस खरोखर भला. ते म्हणाले की दोष आपलाच आहे आणि हे मान्य करण्याचं धाडस आपण दाखवलं पाहिजे. सगळ्यांनी ते तिथल्या तिथे दाखवलं. खारं पाणी वेगळं साठवून टँकरने लांब नेता येईल, कमी मिठाचं यंत्रही मिळतं. त्यासाठी एक उपसमिती नेमावी. ती नेमण्यात आली. अनुषाने विचारलं, तोपर्यंत मीठ बंद ठेवायचं का. एका बाईंनी नकळत केसांवरून हात फिरवला.

"तोपर्यंत," मोहनकुमार हळुवारपणे म्हणाले, "मला वाटतं, अशा पाण्यावर भाजी पिकवू देणंच योग्य नाही. शेवटी खातो आपणच. आणि बसवंतच्या पायांचाही विचार करा."

सगळ्यांनी बसवंतच्या पायांचा विचार केला. ठराव एकमताने झाला. एक हात वर आला नव्हता, पण ती अनुषा होती, आणि फ्लॅट तिचा भाड्याचा होता. गुरुराज मागून म्हणाला की पर्यावरणाच्या बाबतीत तो पहिल्यापासून सोसायटीबरोबर आहे. गाड्यांसाठी तो साधी खडी टाकणार नाही, मध्ये गवत उगवेल अशा भोकांच्या फरशा बसवील. त्यालाही टाळ्या मिळाल्या, बसवंतपेक्षा थोड्या कमी.

सत्कार म्हणून बसवंतला कुंडीतलं तुळशीचं रोप देण्यात आलं. वसाहतीतल्याच कोणीतरी घरच्या नळाच्या मऊ पाण्यावर वाढवलेलं होतं. पानांची टोकं करपली होती. तहान, असं बसवंतच्या मनात येऊन गेलं.

लोक चहाकडे वळले. वसुमती त्याच्याजवळ आल्या, आवाज खाली आणला. "अण्णा, एक सांगू? नवीन माणूस उद्या येणार. आणि मिठाचा टेम्पो आत्ताच येऊन गेला बघ. पोती फाटकापाशी उन्हात पडलीत. तेवढी तळघरात ठेवाल का? आणि पाय पुसून जा हं, फरशी नुकतीच पुसलीय."

बसवंतने कुंडी तानूबाईच्या हातात दिली. आपली टाच बघितली, मग पुसायला पायपुसणं शोधलं. पायपुसणं मिठाच्या पोत्याचं होतं. तानूबाईनेच शिवून दिलं होतं. बाहेर ऊन चढलं होतं. शिवकुमार फाटकाबाहेर बापाची वाट बघत उभा होता. त्याने न सांगता पोत्याचं दुसरं टोक धरलं. दोघं एकाच चालीने, गुडघ्यांत वाकून, पितळेच्या बगळ्याखालून आत गेले. एक ठेवलं, दुसरं उचललं. अनुषा आपल्या बाल्कनीत उभी होती आणि खाली बघत नव्हती.

शेवटचं पोतं आत गेलं तेव्हा वसुमती तानूबाईला म्हणाल्या, "फार उपकार झाले ग. काही लागलं तर संकोच करायचा नाही. सांग, काय हवं?"

तानूबाईने खिडकीतून तळ्याकडे बघितलं, मळ्याकडे बघितलं, तळघराच्या जिन्यावरून घाम पुसत वर येणाऱ्या बापलेकांकडे बघितलं. बराच विचार केला.

"बाई, आता शिवा न्हाई तर त्या नव्या मानसाला तेवडं सांगून ठेवा," ती म्हणाली. "रिकामी पोती टाकू नगंस म्हनावं. आमास्नी लागत्यात."